लशीची वाट

२०२१ साल संपता संपता राज्य सरकारने झायकोव्ह-डी या करोना लशीच्या प्रायोगिक वापरासाठी दोन जिल्हे निवडले : नाशिक आणि जळगाव. अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने तयार केलेली ही लस माणसांसाठी मंजूर झालेली जगातली पहिली डीएनए लस होती. २० ऑगस्ट २०२१ रोजी तिला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली होती. तिला सुई लागत नव्हती. हातात मावेल अशा एका यंत्रातून लशीचा बारीक झोत कातडीत शिरायचा, तोही अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने तीन वेळा, दर वेळी दोन्ही दंडांवर. पुढच्याच पावसाळ्यात, ४ ऑगस्ट २०२२ रोजी, त्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावल गावात लम्पी चर्मरोग झालेली जनावरे आढळली आणि थोड्याच दिवसांत रोग राज्यभर पसरला. बाजार बंद झाले, जनावरांची ने-आण थांबली, अवघे राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. गाईबैलांना जी लस टोचली गेली ती मुळात शेळ्यांच्या देवीवरची होती. लम्पीचा विषाणू आणि शेळीच्या देवीचा विषाणू एकाच कुळातले, एवढ्या आधारावर ती वाढीव मात्रेत गाईंना दिली गेली. माणसाला सर्वांत नवी विद्या आणि गाईला शेळीची लस, हा भेद पाहून जनावरांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार करणे सोपे आहे. मला ती तक्रार अपुरी वाटते. या भागातल्या पशुलसीकरणाचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर कुपीत काय आहे यापेक्षा ती कुपी कशातून, कुणाच्या हातून आणि किती तासांत गोठ्यापर्यंत पोचते, यावरच लशीचे यशापयश अधिक वेळा ठरलेले दिसते. डीएनए लशीच्या बाबतीत तर हा पोचण्याचा प्रश्न गोठ्याच्या दारातही संपत नाही. तो जनावराच्या पेशीच्या आत जातो.

लशीला वाहन लागते, हे आपल्याकडे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातले हे पहिले यशस्वी लसीकरण. ती लस व्हिएन्नाहून बगदाद आणि बसऱ्यामार्गे मुंबईला आली होती. एकाच्या दंडावर फोड आला की त्यातली लस दुसऱ्याच्या दंडावर, अशा माणसांच्या साखळीने तिची शेवटची वाट कापली गेली. वाटेत कोरडी पडलेली लस उष्णतेने मरून जाई, म्हणून जिवंत माणूसच तिची कुपी झाला. पुढे ही जागा वासराने घेतली. वासराच्या पोटावर वाढवलेली लस तयार करण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात संस्थाच उभी राहिली. मराठीत लस टोचण्याला ‘देवी काढणे’ हा शब्द रुळला तो याच काळात. माणसाच्या लशीचे ओझे गाईच्या वासराने वाहिले. गाईच्या स्वतःच्या रोगासाठी मात्र तोवर अशी कुठलीच सोय नव्हती.

तो रोग म्हणजे बुळकांडी. ताप, तोंडात फोड, डोळ्यानाकातून गळती, मग दुर्गंधी हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर जाते. नाशिकसारख्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होता, हे नकाशावरून समजते. खानदेश-वऱ्हाडचा कापूस आणि धान्य मुंबईकडे जाण्याची वाट थळघाटातून होती, आणि १८६५ मध्ये घाटातून रेल्वे सुरू होईपर्यंत तो सगळा माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून जात असे. लमाणांचे तांडे, गाडीवानांचे मुक्काम, घोटीसारखे जनावरांचे बाजार, सगळीकडे परगावच्या बैलांची नाके एकाच पाणवठ्याला लागायची. बुळकांडीचा विषाणू जनावराच्या शरीराबाहेर फार काळ टिकत नाही. त्याला एका जनावराकडून दुसऱ्याकडे जवळून जावे लागते. म्हणजे ज्या वाटांनी व्यापार चालला, त्याच वाटा रोगाच्याही होत्या. घाटमाथ्यावरची डांगी जनावरे या व्यवहाराच्या अगदी तोंडाशी. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा आणि शेजारच्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात वाढलेली ही जात धो-धो पावसात भातखाचरांत राबणारी. तिच्या कातडीवरचा तेलकट थर पावसाचे पाणी अंगात मुरू देत नाही. पावसाने न हरणारे हे जनावर बुळकांडीपुढे मात्र असहाय होते. ज्याचा बैल गेला त्याची आवणी गेली, त्या वर्षीचा भात गेला, आणि सावकाराचे दार उघडले.

सरकारला या रोगाची जाग आली ती १८६९ मध्ये, जेव्हा जे. एच. बी. हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली गुरांच्या साथींसाठी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७१ चा. त्या वेळी हाती उपाय होता तो विलगीकरणाचा, आणि ज्या मुलखात बैल हलला नाही तर धान्य हलत नाही तिथे तो कागदावरच राहण्याची शक्यता जास्त. पुढचे पाऊल महाराष्ट्रातच पडले. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली आणि आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. पण चारच वर्षांत, १८९३ मध्ये, ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. कारणे योग्य होती : बुळकांडीचे जिवंत विष हाताळायचे तर वस्तीपासून दूर हवे, आणि यंत्राने गारवा करण्याची सोय नसलेल्या काळात थंड हवा हवी. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख दक्षिण आफ्रिकेतले बुळकांडीवरचे काम आटोपून प्लेगच्या चौकशीसाठी हिंदुस्थानात आले, तेव्हा तेही मुक्तेश्वरला गेले. हे स्थलांतर मला या इतिहासातली फार महत्त्वाची घटना वाटते. प्रयोगशाळा थंडीच्या शोधात गुरांपासून दूर गेली, आणि लस बनते तिथपासून लस लागते तिथपर्यंतचे अंतर एकदम शेकडो कोसांचे झाले. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे पशुवैद्यकाची बरीच बुद्धी हे अंतर कापण्यात खर्ची पडली.

मुक्तेश्वरहून आधी आला तो रक्तद्रव. रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तातला हा द्रव टोचला की संरक्षण मिळे, पण जेमतेम काही दिवसांचे. साथ गावात आलेली असताना तो कामाचा. साथ येण्याआधी निरुपयोगी. मग रक्तद्रव आणि रोगी जनावराचे रक्त एकाच वेळी टोचण्याची पद्धत आली. तिने प्रतिकारशक्ती कायमची मिळे, मात्र प्रत्येक टोचणीबरोबर गावात खरा रोग शिरत असे. हा पेच १९२० च्या दशकात मुक्तेश्वरलाच जे. टी. एडवर्ड्स यांनी सोडवला. बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा नेला की गाईसाठी तो सौम्य होतो, हे त्यांना दिसले. शेळीच्या प्लीहेपासून बनलेली ही लस स्वस्त होती, एका टोचणीत दीर्घकाळ पुरणारी होती, आणि आपल्या मैदानी देशी गुरांना बहुधा सोसत होती. नाजूक आणि संकरित जनावरांना मात्र ती जड जाई. ताजी लस लवकर नासे. ती गोठवून, निर्वात करून सुकवता येऊ लागली तेव्हा कुठे बर्फाच्या पेटीतून ती दूरच्या गावापर्यंत जाण्याजोगी झाली. लस बनवणेही गुरांच्या जवळ आले : १९४७ मध्ये पुण्यात पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था स्थापन झाली.

इथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. बुळकांडी गेली ती चांगल्या लशीमुळे. पोचवण्याचे महत्त्व नंतरचे. वॉल्टर प्लोराइट यांनी १९६० च्या सुमारास पेशीसंवर्धनात वाढवलेली लस दिली, ती सगळ्या जातींना चालणारी आणि निर्धोक होती, तिच्यासाठी त्यांना १९९९ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे सारे खरे आहे. विषाणूही आपल्या बाजूचा होता : त्याचा एकच प्रकार, एकदा टोचले की जन्मभराचे संरक्षण. पण भारतातला क्रम या आक्षेपाच्या विरुद्ध साक्ष देतो. १९५४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा वर्षाला सुमारे आठ हजार उद्रेक होत. गुरांपैकी ८० टक्क्यांना लस टोचण्याचे ध्येय ठेवल्यावर दहा वर्षांत उद्रेक काही शेकड्यांवर आले, आणि तिथेच अडले. लस उत्तम, लस मुबलक, तरी तीस वर्षे रोग हटेना. तो हटला १९९२ च्या नव्या प्रकल्पानंतर, ज्यात देशाचे विभाग पाडून कुठे टोचायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवले गेले, आणि पशुवैद्यक वाटांवर, गावांत, दवाखान्यांत ‘असा रोग पाहिला का’ असे विचारत फिरले. देशातला शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये तमिळनाडूत झाला. २००६ मध्ये भारत रोगमुक्त ठरला आणि २०११ मध्ये जग. त्याहून थेट पुरावा आफ्रिकेतला आहे. १९९० च्या सुमारास जेफ्री मॅरिनर यांनी प्लोराइटचाच विषाणू घेऊन सुकवण्याची रीत बदलली, आणि लस ३७ अंश तापमानात महिनाभर टिकू लागली. विषाणू तोच, संरक्षण तेच. एवढ्या एका बदलाने बर्फाची पेटी सुटली आणि जिथे मोटार जात नव्हती तिथे स्थानिक पशुपालकच लस पाठीवर टाकून निघाले.

लाळ्या-खुरकुताच्या बाबतीत मात्र मला माझे म्हणणे थोडे आवरते घ्यावे लागते. त्याच्या विषाणूचे आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार फिरतात, एकावरची लस दुसऱ्यावर चालत नाही, आणि मिळालेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरते. इथे कुपीत काय आहे याला मोठे मोल आहे. पण म्हणूनच तर पोचवण्याचे ओझेही दुप्पट झाले आहे, कारण टोचणी सहा-सहा महिन्यांनी पुन्हा करायची असते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाने कानातला बारा आकडी बिल्ला आणि मोफत लस दिली. तरी ती लस कारखान्यापासून कातडीपर्यंत २ ते ८ अंशांत ठेवावीच लागते. ती गोठली तरी बिघडते, तापली तरी बिघडते, आणि बिघडलेली लस दिसायला चांगल्या लशीसारखीच असते. टोचणीनंतर दोन दिवस दूध आटले म्हणून नाराज झालेला शेतकरी ती जोखीम पत्करतो रोग टळावा म्हणून. वाटेत तापलेली कुपी त्याच्या वाट्याला आली तर दूधही जाते आणि पुढच्या साथीत जनावरही. अशा शेतकऱ्याला ‘अडाणी’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याचा अविश्वास पुष्कळदा तुटलेल्या शीतसाखळीतून आलेला असतो.

या पार्श्वभूमीवर डीएनए लशीची ओढ समजते. विषाणूच्या एखाद्या प्रथिनाचा नमुना ज्या जनुकात लिहिलेला आहे, तो तुकडा प्लास्मिड नावाच्या गोल डीएनएत बसवायचा आणि जनावराला द्यायचा. मग जनावराच्या पेशी स्वतःच ते प्रथिन बनवतात आणि शरीर त्याला ओळखायला शिकते. यात विषाणू नाही. डीएनए उष्णतेला प्रथिनांपेक्षा पुष्कळ अधिक तग धरते. विषाणूचे रूप बदलले तर जनुकाचा तुकडा बदलायचा. लाळ्या-खुरकुतासाठी पहिला गुण फार मोठा आहे, कारण आजची लस बनवायला जिवंत विषाणू हजारो लिटर वाढवावा लागतो. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या पर्ब्राइट इथल्या प्रयोगशाळा आणि लसकारखान्याच्या आवारातल्या फुटक्या गटारांतून तो विषाणू बाहेर पडला आणि आसपासच्या गोठ्यांत गेला. ज्या कारखान्यात विषाणूच नाही, तिथून तो सुटण्याचे भय नाही.

या विद्येचा जन्म नाशिककरांना ओळखीच्या वस्तूपाशी झाला, हे नोंदवण्याजोगे आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड आणि त्यांचे सहकारी पिकांच्या पेशींत जनुक घालण्याची वाट शोधत होते. वनस्पतीच्या पेशीला जाड भिंत असते. सुईने ती भेदायची म्हणजे एकेक पेशी हाताळावी लागते. त्यांनी टंगस्टनच्या सूक्ष्म कणांना डीएनए चोपडले आणि ते कण बंदुकीसारख्या यंत्रातून कांद्याच्या पापुद्र्यावर उडवले. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी मोठ्या आणि एकाच थरात असतात, सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात, म्हणून कांदा. १९८७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. १९९० मध्ये विस्कॉन्सिनमध्ये उंदराच्या स्नायूत नुसते डीएनए टोचले तरी पेशी ते वाचतात असे आढळले, आणि १९९२ मध्ये तीच जनुकबंदूक, आता सोन्याच्या कणांसह, उंदराच्या कानावर चालवली तेव्हा उंदराच्या रक्तात प्रतिपिंडे दिसली. १९९३ मध्ये इन्फ्लुएन्झावरची डीएनए लस उंदरांत यशस्वी झाली. त्याच वर्षी कॅनडातल्या संशोधकांनी गोवंशाच्या हर्पिस विषाणूवरची डीएनए लस थेट वासरांना देऊन पाहिली होती. म्हणजे गाय या रांगेत शेवटी आलेली नाही. ती अगदी सुरुवातीला उभी होती.

तरी आज तीस वर्षांनंतर गाईम्हशींच्या रोजच्या वापरात अशी लस नाही. २००५ मध्ये अमेरिकेत घोड्यांसाठी वेस्ट नाइल रोगावरची डीएनए लस मंजूर झाली आणि त्याच वर्षी कॅनडात पाळीव सामन माशांसाठी दुसरी. घोडा का आणि मासा का, हे पाहिले की गाईचे कोडे उलगडते. घोडा महाग, एकट्याने पाळलेला, ज्याच्या लशीवर मालक खर्च करतो. सामन मासा छोटा, रांगेने हाताखालून जाणारा, आणि त्याच्या स्नायूत नुसत्या सुईने दिलेले डीएनए कमालीचे चांगले लागू पडते. गाय यांपैकी काहीच नाही. तिच्या मोठ्या देहात टोचलेले डीएनए बहुतांशी पेशींच्या मधल्या पाण्यात राहते आणि तिथेच त्याचे तुकडे पडतात. पेशीचा पडदा ओलांडून केंद्रकापर्यंत पोचणारा वाटा अगदी थोडा. उंदराला काही मायक्रोग्रॅम पुरतात, गाईला कित्येक पट अधिक लागते, आणि तरी प्रतिसाद फिका. हा वाटा वाढवण्याचे उपाय आहेत. विजेच्या क्षणिक धक्क्यांनी पेशीच्या पडद्याला पळभर छिद्रे पाडली की डीएनए आत शिरते. प्रयोगशाळेतल्या गुरांत याने प्रतिसाद बराच वाढतो. पण ते दुखते, त्याला यंत्र आणि वीज लागते, आणि जनावर खोड्यात घट्ट हवे. झोताचे यंत्र सोपे आहे, तरी माणसाच्या दंडाची कातडी आणि डांगी बैलाची केसाळ, जाड कातडी यांना एक दाब चालणार नाही. जनुकबंदूक सोन्याचे कण मागते. डीएनए लशीला बर्फ लागणार नाही, म्हणून पोचवण्याचा प्रश्न तिने सुटेल, हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. बर्फाची पेटी खांद्यावरून उतरेल, पण तिच्या जागी यंत्राची पेटी येईल, आणि तीन-तीनदा यावे लागले तर एका फेरीच्या तीन फेऱ्या होतील.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे : हे डीएनए गाईच्या वंशात शिरेल, दुधातून आपल्या पोटात येईल. ही भीती हसण्यावारी नेऊ नये. जनावरांवर झालेल्या तपासण्यांत टोचलेले प्लास्मिड मुख्यतः टोचल्या जागी राहते आणि हळूहळू नष्ट होते. गुणसूत्रात ते शिरण्याचे प्रमाण पेशीत आपोआप होणाऱ्या बदलांपेक्षाही कमी आढळले आहे. आणि डीएनए आपण रोज खातो. प्रत्येक भाकरीत, प्रत्येक वैरणीच्या पेंढीत ते असते आणि पोटात पचते. तरीही हे उत्तर शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, टोचणीच्या आधी मिळाले पाहिजे. लशीवरचा विश्वासही कुपीबरोबरच वाहून न्यावा लागतो.

मग नाशिकच्या गोठ्यासाठी डीएनए लस कुठे उपयोगी? लम्पीसाठी मला ती पहिली निवड वाटत नाही. देवीच्या कुळातला हा विषाणू मोठा, दीड लाखाच्या आसपास जनुकीय अक्षरांचा. एक-दोन प्रथिनांच्या आधारे त्याच्यापासून वाचवणे अवघड, आणि जिवंत सौम्य लस मुळातच चांगली चालते. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था यांनी बनवलेली लम्पी-प्रोव्हॅक ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली, आणि त्याच डिसेंबरात तिच्या उत्पादनाचा करार पुण्याच्या संस्थेशी झाला, हा मार्ग योग्यच होता. २०२२ मध्ये ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राज्यातल्या सव्वा कोटींहून अधिक गोवंशाला शेळी-देवीची लस टोचली गेली, हे जुन्या साधनांनी केलेले मोठे काम आहे. त्याचे श्रेय गावोगाव फिरलेल्या पशुधन पर्यवेक्षकांना आहे. खरी गरज लाळ्या-खुरकुताची आहे, जिथे वर्षाला दोनदा बर्फ लागतो आणि कारखान्यात जिवंत विषाणू सांभाळावा लागतो. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात या रोगावरच्या डीएनए लशीचे प्रयोग झालेले आहेत. त्यांना पैसा मिळावा, पण पहिला पैसा प्लास्मिडपेक्षा टोचण्याच्या साधनावर लागावा, असे हा सारा इतिहास सांगतो असे मला वाटते.

त्या साधनाची परीक्षा घ्यायची जागाही ठरवता येते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातला एखादा पाडा घ्यावा, जून सरत आलेला. सकाळी आठाला गुराखी जनावरे घेऊन रानात गेलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत ती हाती लागत नाहीत. म्हणून टोचणी व्हायची तर उजाडण्याच्या सुमारास, दावणीलाच. वीज रात्रीच्या पावसात गेलेली असते. खोडा नसतो, एक माणूस कासरा धरतो आणि दुसरा मान. बैलाची पाठ ओली आणि तेलकट असते, यंत्राचे तोंड तिच्यावरून घसरते. अशा वेळी एका हातात धरून, विजेशिवाय, एकाच दाबात, डोळ्याचे पाते लवते तोवर काम संपवणारे यंत्र हवे. आणि तिथून पुढच्या पाड्यावर जायला ओढा ओलांडावा लागतो.